क्रंच आणि कंबरेचं स्थैर्य: गल्लत नेमकी कुठे होते

नाशिकचं गोल्फ क्लब मैदान असो की कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, सकाळी एक सल्ला हमखास कानावर पडतो: "कंबर दुखतेय ना? रोज क्रंच मारा, पोट घट्ट झालं की कंबर आपोआप सुधारेल." हा सल्ला ऐकून दुखणं वाढवून घेणारे लोक मी सतत पाहतो, म्हणून हे लिहितोय.

क्रंच सगळ्यांनाच येतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून खांदे उचलले की पोटावरचा उभा स्नायू आखडतो आणि बरगड्या ओटीपोटाकडे येतात. त्या स्नायूची ताकद वाढते, पोटावरची चरबी मात्र त्याने उतरत नाही.

स्थैर्य ही वेगळी गोष्ट आहे. धडाभोवती फक्त तो उभा स्नायू नसतो. दोन्ही बाजूंना तिरके स्नायू, सगळ्यात आत पोटाला आडवा वेढा घातलेला स्नायू, मागे मणक्यांना धरून ठेवणारे, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. रोजच्या जगण्यात या सगळ्यांचं मोठं काम कणा वाकवण्याचं नसून, तो नको तिथे वाकू न देण्याचं असतं. पंचवटीतल्या बाजारातून भाजीची जड पिशवी उजव्या हातात धरून निघालात, की धड उजवीकडे झुकायला बघतं. डाव्या बाजूचे स्नायू ते झुकू देत नाहीत. पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना दर पावलाला क्षणभर सगळं वजन एका पायावर येतं. तेव्हा दुसरीकडचा खुबा खाली पडू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याचे बाहेरचे स्नायू तग धरतात. बाहेरून काहीच हललेलं दिसत नाही, त्यामुळे हासुद्धा व्यायाम आहे हे लोकांना पटत नाही.

खरी फसगत पुढे आहे. व्यायामाचं नाव बघून तो कोणत्या प्रकारचा हे ठरत नाही. प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर शरीर फळीसारखं सरळ धरणं. तो धरलाय, पण कंबर खाली लोंबतेय, तर ते स्थैर्य नव्हे, तो कण्यावरचा ताण आहे. उलट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक आणि कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी कंबरेसाठी निवडलेल्या तीन व्यायामांतला कर्ल-अप लांबून क्रंचसारखाच दिसतो. त्यात एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ आणि तळवे कंबरेखाली असतात. डोकं-खांदे जमिनीवरून जेमतेम सुटतात आणि कंबरेची नैसर्गिक कमान मोडत नाही. बाकीचे दोन व्यायाम म्हणजे साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर धरलेला प्लँक) आणि बर्ड-डॉग. बर्ड-डॉगमध्ये हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांबवायचा. कोणताही व्यायाम करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: हात-पाय हलताना माझी कंबर हलतेय का? क्रंचमध्ये ती हलणारच, तोच त्याचा हेतू आहे. बर्ड-डॉगमध्ये हलली, तर तो बर्ड-डॉग झालाच नाही.

तीन-तीन मिनिटांच्या प्लँकच्या पैजा मला अजिबात मान्य नाहीत. शेवटी शेवटी सगळ्यांची कंबर लोंबते आणि श्वास कोंडतो. दहा सेकंद नीट धरा, सोडा, परत धरा. डळमळत्या अर्ध्या चेंडूवर उभं राहून डंबेल उचलणंही मला पटत नाही. पायाखाली घट्ट जमीन नसली की स्नायूंना पूर्ण जोर लावताच येत नाही.

माझी पहिली पसंती पाण्याच्या बादलीला आहे. अर्धी भरलेली बादली एका हातात घ्या, दोन्ही खांदे एका रेषेत ठेवून गच्चीवर सावकाश चाला, मग हात बदला. खांदा झुकू लागला की थांबा. दुखणं मात्र पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.