गुणाकाराचा ताळा आणि संस्थेचं दप्तर

गेल्या पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेचं जुनं दप्तर बघायला गेलो होतो. पत्र्याच्या दोन ट्रंका, त्यात रुमालात बांधलेल्या वह्या. तळाच्या कागदांवर मोडी, त्यावर बाळबोध मराठी, आणि अलीकडचा सरकारी पत्रव्यवहार कानडीत. सेक्रेटरी म्हणाले, "आता काळजी मिटली सर. सगळं स्कॅन करून हार्ड डिस्कवर टाकलंय. दुसऱ्या डिस्कवर कॉपीपण आहे."

त्यांनी सभासद नोंदवहीचं एक पान उघडलं. वरचा अर्धा भाग स्वच्छ, खालचा अर्धा नुसता राखाडी. दुसरी डिस्क लावली, तिथेही तेच राखाडी पान. मूळ वही 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात भिजली होती, आणि स्कॅन आहेच म्हणून पुढे टाकून दिली होती. मला वाईट वाटलं ते त्या एका पानापुरतं नाही. ते पान कधी बिघडलं हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

कागद बिघडतो तो दिसतो. वाळवी दिसते, बुरशीचा वास येतो. फाइल मात्र गुपचूप बिघडते. पेनड्राइव्हमध्ये माहिती इलेक्ट्रॉन कोंडून साठवलेली असते आणि वर्षानुवर्षांत ते हळूहळू गळतात. हार्ड डिस्कवरच्या चुंबकीय खुणाही कायमच्या नसतात. कॉपी चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट उतरू शकते. आणि बॅकअप तर समोर असेल ते इमानेइतबारे उतरवून घेतो, बिघाडासकट. "कॉपी आहे म्हणजे जतन झालं" हा समज म्हणूनच घातक आहे.

यावरचा उपाय आपल्या आजोबांना ठाऊक होता. ताळा!

347 गुणिले 28 बरोबर 9716. हे बरोबर आहे का, ते पुन्हा गुणाकार न करता बघायचं. 3, 4, 7 यांची बेरीज 14, तिची 5. 2 आणि 8 मिळून 10, त्याचा 1. पाच एके पाच. आता उत्तर: 9, 7, 1, 6 मिळून 23, म्हणजे 5. ताळा जमला. मोठ्या आकड्याची एका अंकात ओळख काढायची आणि ती ओळख पडताळायची, एवढीच युक्ती. पण कुणी 9716 च्या जागी 9761 लिहिलं तर? बेरीज तीच, ताळाही जमतो, आणि उत्तर चुकीचं. खातेनंबर उतरवताना अंकांची अशी अदलाबदल नेहमीची. नेदरलँड्सचे गणितज्ञ व्हेरहूफ यांनी 1969 मध्ये अशी पद्धत दिली, की एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले तरी चूक पकडली जावी. आपल्या आधार क्रमांकातला बारावा अंक हा असाच ताळ्याचा अंक आहे.

अख्ख्या फाइलचा ताळा काढायचा तर याहून दणकट यंत्र लागतं. त्याला हॅश म्हणतात. त्यातली शा-256 ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने 2001 मध्ये जाहीर केली, आणि मला ती फार आवडते. फाइल म्हणजे शेवटी 0 आणि 1 यांची लांबलचक रांग; त्यातला एकेक 0 किंवा 1 म्हणजे एक बिट. तिचे 512 बिटांचे तुकडे पाडायचे. शेवटी फाइलची लांबीसुद्धा जोडायची, म्हणजे शेपूट तुटलं तर लपणार नाही. मग 32 बिटांचे आठ शब्द घ्यायचे. त्यांच्या सुरुवातीच्या किमती पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांतल्या दशांश चिन्हापुढच्या भागातून घेतल्या आहेत. कुणी मनाजोगता आकडा घुसवून चोरवाट ठेवली, अशी शंकाच नको. आता प्रत्येक तुकडा या आठ शब्दांत 64 फेऱ्यांनी मळायचा. बिट गोल फिरवायचे, एकमेकांशी ताडायचे, बेरीज करायची आणि 32 बिटांच्या बाहेर सांडेल ते सोडून द्यायचं. प्रत्येक फेरीत नवा स्थिरांक मिसळतो, तो पहिल्या 64 मूळ संख्यांच्या घनमुळांतून आलेला. कणकेत मिठाचा एक खडा पडला की मळून मळून तो सगळ्या गोळ्यात उतरतो, तसा फाइलमधला एकेक बिट सगळ्या उत्तरात उतरतो. अखेर आठ शब्द मिळून 256 बिट, म्हणजे 0 ते 9 आणि ए ते एफ यांतली 64 चिन्हं हाती येतात. फाइल दोन ओळींची असो की दोन हजार पानांची, चिन्हं 64 च. मूळ फाइलमधला एक बिट उलटला, तर उत्तरातले साधारण निम्मे, 128 च्या आसपास बिट बदलतात. 9716 आणि 9761 यांचे ताळे इथे एकमेकांना ओळखही देणार नाहीत. शक्य उत्तरं इतकी आहेत, की ती संख्या लिहायला 78 अंक लागतात.

आपल्या कायद्यातही हे आलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश लिहायची जागा आहे. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या उताऱ्याचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही, कारण वाटेत चित्र दाबून लहान केलेलं असतं.

हॅशला जे जमत नाही तेही सांगायला हवं. ब्लॉकचेन, म्हणजे एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची डिजिटल वही, आली की जमिनीचे तंटे संपतील, असा गाजावाजा चालतो. तिचा गाभाही हाच ताळा. त्या दिवसापासून नोंद बदललेली नाही, एवढंच तो सांगतो. तलाठ्याने मुळातच भावाचं नाव गाळलं असेल, तर गाळलेली नोंदच बिनचूक जतन होईल.

दुसरी मर्यादा आमच्या भागात जास्त बोचते. वीस वर्षांपूर्वीचे मराठी ठराव श्रीलिपीत, कानडी पत्रं नुडीत टाइप केलेली. ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हॅश तंतोतंत जमतो, पण वाचता एक ओळ येत नाही. अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षर-संकेतात आणाव्यात, किंवा फॉन्ट पोटात घेऊन राहणाऱ्या पीडीएफ-ए प्रकारात साठवाव्यात. मोडीलासुद्धा 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे.

त्या संस्थेत आम्ही उरलेल्या सगळ्या फाइलींचे हॅश काढले. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा असतेच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तीन प्रती केल्या, त्यातली एक बेळगावात, पुराच्या पाण्यापासून लांब. मग सगळ्या हॅशांची एक यादी केली आणि त्या यादीचाच हॅश काढला. आता फाइलींतलं एक अक्षर हललं तरी यादी जुळणार नाही, आणि यादीत हात घातला तर तिचा हॅश जुळणार नाही. ती 64 चिन्हं सेक्रेटरींनी वार्षिक सभेच्या इतिवृत्तात शाईने लिहिली. मी एकेक वाचत होतो, ते लिहीत होते. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आता तुम्ही उलटीकडून वाचा सर, मी ताळा बघतो."