मिल्टन हर्शी

मिल्टन हर्शी (13 सप्टेंबर 1857 – 13 ऑक्टोबर 1945) हा अमेरिकेत मिल्क चॉकलेट साध्या माणसाच्या खिशाला परवडेल इतकं स्वस्त करणारा उद्योजक, पण चॉकलेटइतकंच त्याने कमावलेल्या पैशाचं पुढे काय केलं ते बघण्यासारखं आहे.

जन्म पेनसिल्व्हेनियातला, शाळा चौथीच्या आसपासच सुटली, मग लँकेस्टरमधे एका मिठाईवाल्याच्या हाताखाली काम शिकला. फिलाडेल्फियातलं दुकान बुडालं, न्यूयॉर्कमधलंही बुडालं, मधे डेन्व्हरला नोकरी केली तिथे कॅरामलमधे (साखर तापवून केलेली टॉफीसारखी मिठाई) ताजं दूध घालायची युक्ती कळली आणि शेवटी तीच कामी आली. 1886 ला लँकेस्टरमधे कॅरामलची कंपनी काढली, 1893 ला शिकागोच्या प्रदर्शनात जर्मन चॉकलेट मशिनरी पाहिली आणि लगेच विकत घेतली, आणि 1900 मधे जोरात चाललेली कॅरामल कंपनी 10 लाख डॉलरला विकून टाकली, चॉकलेटचं काम तेवढं हातात ठेवलं. नवी फॅक्टरी त्याने शहर सोडून जन्मगावाजवळ, दुभत्या गाईंच्या पट्ट्यात काढली कारण दूध रोज ताजं लागणार होतं. 1905 ला ती चालू झाली, आणि भोवती घरं, ट्रॉली म्हणजे ट्राम, बाग असं अख्खं गाव उभं केलं. तिथल्या चॉकलेट अव्हेन्यूवरचे दिवे आजही हर्शी किसेसच्या, म्हणजे कंपनीच्या छोट्या टोकदार चॉकलेटच्या आकाराचे आहेत, काही चंदेरी कागदातले, काही कागद काढलेले.

पण घर, नोकरी आणि गाव सगळं एकाच माणसाच्या हातात असलं की कामगाराला तोंड उघडणं सोपं नसतं. 1937 च्या संपात कामगार फॅक्टरीतच ठाण मांडून बसले, दूध घेणं थांबलं, तेव्हा चिडलेले दूधवाले शेतकरी आणि संपात नसलेले कामगार आत घुसले आणि संपवाल्यांना मारून बाहेर काढलं. हर्शीची गोष्ट सांगताना हे गाळणं बरोबर नाही.

मूलबाळ नव्हतं. 1909 मधे त्याने आणि बायको कॅथरीनने अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली. कॅथरीन 1915 ला वारली, आणि 1918 ला हर्शीने सुमारे 6 कोटी डॉलरचे कंपनीचे शेअर शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकले, तेही इतकं गुपचूप की पेपरात बातमी आली 1923 ला! शाळा मूळ अटीप्रमाणे फक्त गोऱ्या मुलग्यांसाठी होती, ती अट 1960 च्या दशकात गेली आणि मुलींना प्रवेश 1970 च्या दशकात मिळाला.

कंपनीचा ताबा अजून ट्रस्टकडेच आहे. 2002 मधे ट्रस्टने कंपनी विकायला काढली तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं आणि विक्री रद्द करावी लागली.