फ्रेजल व्हर्ब

फ्रेजल व्हर्ब : इंग्रजीत गेट, पुट, टेक, टर्न यांसारखे रोजच्या वापरातले क्रियापद आणि त्यामागून येणारे अप, ऑफ, आउट, ऑन यांसारखे लहान अव्यय मिळून एकाच क्रियापदाचे काम करतात, तेव्हा त्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. परक्यांना इंग्रजीत सर्वांत अवघड जाते ती ही रचना, असे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. आजची संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रुळली. ती त्यांना कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली होती.

शिकणारे बहुधा अर्थांच्या याद्या पाठ करतात. चुका मात्र अर्थापेक्षा मांडणीत जास्त होतात, कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन रचनांचे नियम वेगळे आहेत. ‘शी लुक्ड अप द वर्ड’ म्हणजे तिने कोशात शब्द पाहिला. ‘शी लुक्ड अप द स्टेअर्स’ म्हणजे तिने जिन्याच्या वरच्या दिशेला पाहिले. पहिल्या वाक्यात ‘अप’ क्रियापदाला चिकटलेले आहे, म्हणून ‘लुक्ड द वर्ड अप’ असेही म्हणता येते. दुसऱ्यात ‘अप द स्टेअर्स’ हा एक गट आहे, त्यामुळे ‘अप’ला जिन्यापासून तोडता येत नाही. पहिली रचना खरी फ्रेजल व्हर्ब. दुसऱ्या रचनेत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येते, एवढेच.

भेद ओळखायची खात्रीची कसोटी म्हणजे नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहणे. कर्म घेणाऱ्या दोन शब्दांच्या फ्रेजल व्हर्बमध्ये सर्वनाम मध्येच यावे लागते: ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर, पण ‘टर्न इट ऑफ’ बरोबर आणि ‘टर्न ऑफ इट’ चूक. शब्दयोगी अव्ययाच्या रचनेत नेमके उलट होते: ‘लुक आफ्टर हिम’ बरोबर, ‘लुक हिम आफ्टर’ चूक. यामागचे कारण वाक्याच्या लयीत आहे. इंग्रजी वाक्यात नवी माहिती आणि जोर शेवटाकडे जातो. सर्वनामाने सांगितलेली वस्तू ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे शेवटची जागा आघात घेणाऱ्या ‘ऑफ’ला मिळते. याच कारणाने कर्म लांबलचक असले की ते शेवटी जाते. ‘काल रात्री तू चालू ठेवलेले सगळे दिवे’ एवढा गट ‘टर्न’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये कोंबला, तर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो.

उच्चारही मदत करतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ ठसठशीत ऐकू येते. ‘लुक ॲट इट’मध्ये जोर ‘लुक’वर असतो आणि ‘ॲट’ जवळजवळ गिळले जाते.

अव्ययांचे अर्थ वाटतात तितके मनमानी नसतात. ‘अप’ अनेकदा काम पुरते संपवल्याचे सांगते: ईट अप, यूज अप. ‘ऑफ’मध्ये तुटणे किंवा दूर होणे असते, ‘ऑन’मध्ये चालू राहणे. मराठी माणसाला ही छटा अनोळखी नाही, कारण आपण ती संयुक्त क्रियापदांनी दाखवतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेवणे, ‘कॅरी ऑन’ म्हणजे करत राहणे. फरक काळाच्या खुणेत आहे. मराठीत ती दुसऱ्या घटकाला लागते, ‘खाऊन टाकले’. इंग्रजीत ती पहिल्याला लागते, ‘एट अप’.

मराठीभाषकांच्या ठरावीक चुका मात्र आपल्या विभक्तीतून आणि शब्दयोगी अव्ययांतून येतात. ‘योजनेविषयी चर्चा केली’ यातून ‘डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ तयार होते. ‘डिस्कस’ला थेट कर्म लागते. ‘अबाउट’ चालते ते ‘डिस्कशन’ या नामाबरोबर. ‘डॉक्टरशी लग्न केले’ यातून ‘मॅरीड विथ अ डॉक्टर’ येते, बरोबर रूप ‘मॅरीड अ डॉक्टर’. ‘त्याला विचार’मधला ‘ला’ भाषांतरात ‘आस्क टू हिम’ होऊन बसतो. उलट, मराठीत गाणी थेट ऐकतात म्हणून ‘लिसन टू’मधला ‘टू’ गळतो आणि ‘माझी वाट पाहा’चे ‘वेट मी’ होते, ‘वेट फॉर मी’ होत नाही. ‘दिवा बंद कर’चे ‘क्लोज द लाइट’ हेही तसेच. ‘कोप अप विथ’मधले ‘अप’ उगीचच शिरलेले आहे, प्रमाण रूप ‘कोप विथ’.

‘पास आउट’ची गोष्ट जरा वेगळी. भारतात त्याचा अर्थ महाविद्यालयातून उत्तीर्ण होऊन बाहेर पडणे. ब्रिटन-अमेरिकेत सहज बोलताना त्याचा अर्थ शुद्ध हरपणे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतली ‘पासिंग आउट परेड’ मात्र ब्रिटिश लष्करी वापराला धरूनच आहे.

अर्ज आणि ईमेलमध्ये सर्वांत जास्त अडखळवतो तो ‘टू’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ चूक, ‘टू मीटिंग यू’ बरोबर. इथे ‘टू’ शब्दयोगी आहे आणि त्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप लागते. शंका आली तर पुढच्या क्रियापदाऐवजी ‘इट’ ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ जमते, म्हणून ‘मीटिंग’. ‘वाँट टू इट’ जमत नाही, म्हणून ‘वाँट टू मीट’. ‘लवकर उठायची सवय आहे’ या अर्थाच्या ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ यालाही हीच कसोटी लागू पडते.

कर्मणी प्रयोगात अव्यय टाकून देता येत नाही. ‘द मॅटर विल बी लुक्ड इनटू’ यातला ‘इनटू’ वाक्याच्या शेवटी लोंबकळतो असे वाटून तो खोडला, तर वाक्यच मोडते.

लेखनात क्रियापद दोन शब्दांत आणि नाम बहुधा एका शब्दात लिहितात. ‘ब्रेक डाउन’ क्रियापद असेल तर जोर ‘डाउन’वर पडतो, ‘ब्रेकडाउन’ नाम असेल तर ‘ब्रेक’वर. म्हणून संकेतस्थळाच्या बटणावर ‘लॉग इन’ ही कृती सुटी लिहावी आणि ‘लॉगिन’ हे नाम जोडून. भूतकाळ ‘लॉग्ड इन’ असाच होतो.