सांगली तुरुंगफोड

सांगली तुरुंगफोड : सांगली संस्थानच्या तुरुंगातून वसंतराव बंडूजी पाटील ऊर्फ वसंतदादा (१९१७–८९) आणि त्यांच्या साथीदारांनी २४ जुलै १९४३ रोजी केलेले सशस्त्र पलायन. ‘चले जाव’ आंदोलनाच्या भूमिगत पर्वातील दक्षिण महाराष्ट्रातली ही एक प्रमुख घटना. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना वीरमरण आले. वसंतदादा खांद्यात गोळी लागून पुन्हा पकडले गेले व १९४६ मध्ये सुटले. पलायनात सामील झालेल्यांची संख्या सर्वसाधारणपणे सोळाच्या आसपास सांगितली जाते.

हा तुरुंग सांगलीच्या गणेशदुर्ग या भुईकोट किल्ल्यात होता. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन १८०१ च्या सुमारास सांगलीस आले. किल्ल्याचे बांधकाम त्यानंतरचे, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले मानावे लागते. गावाच्या मध्यावर, सपाट जमिनीवर तट-बुरूज, त्यांभोवती खंदक आणि आत राजवाडा व संस्थानची कार्यालये अशी त्याची रचना. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. भुईकोटाला फक्त खंदक आणि पहारा. शिवाय खंदक ओलांडला की माणूस रानात नव्हे, तर भरवस्तीत येतो. राजवाडा चौकाचा आजचा परिसर पाहिला, तरी हे ध्यानात येते. म्हणून या तुरुंगातून निसटणाऱ्यासमोर खरा प्रश्न तटाचा नव्हता, तटापुढच्या मैलभराचा होता. वस्ती ओलांडून पश्चिमेला कृष्णा गाठायची आणि पलीकडे जायचे. तेव्हा कोयनेवर धरण नव्हते. जुलैच्या अखेरीस महाबळेश्वर व कोयनाखोऱ्यातला पाऊस कराडमार्गे थेट सांगलीस येई. आयर्विन पूल १९२९ पासून वाहतुकीस खुला होता, पण पुलावरून जाणे म्हणजे पोलिसांच्या हाती आयते सापडणे. उरला तो पूर.

घटनेचे राजकीय स्वरूप समजण्यासाठी त्या वेळचे अधिकारक्षेत्र पाहणे आवश्यक आहे. बहुतेक लोकप्रिय लेखनात ते गाळले जाते. १९४३ मध्ये ‘सांगली जिल्हा’ अस्तित्वात नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली शहर पटवर्धन संस्थानिकांकडे. संस्थानचा मुलूखही सलग नव्हता. मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर व शिरहट्टी असे त्याचे विखुरलेले तालुके होते. त्यांपैकी काही आज सोलापूर जिल्ह्यात, तर काही कर्नाटकात आहेत. शेजारी मिरज संस्थानच्या थोरली व धाकटी पाती या दोन शाखा, औंध, जत आणि कोल्हापूर. कुंडल व किर्लोस्करवाडी औंधात मोडत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिलेली असल्याने तेथील हवा ब्रिटिश मुलखापेक्षा मोकळी होती. १९३३ पासून ही संस्थाने दख्खन संस्थान एजन्सीखाली, म्हणजे कोल्हापूरच्या रेसिडेंटाच्या (ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीच्या) देखरेखीखाली होती. तरी रोजचा पोलीस बंदोबस्त आणि तुरुंग ज्याचे त्याचे. भूमिगतांना या गुंत्याचा फायदा मिळे. एका गावात दबा धरायचा आणि बांध ओलांडून दुसऱ्या संस्थानात शिरायचे, ही त्यांची नेहमीची रीत होती. तोच गुंता तुरुंगालाही लागू पडतो. संस्थानी तुरुंग हा येरवड्यासारखा मध्यवर्ती कारागृहाच्या शिस्तीचा नव्हे. राजवाड्याच्या आवारातला, मोजक्या शिपायांच्या भरवशावर चालणारा तो बंदिवास होता. पलायन शक्य झाले त्यात धाडसाचा वाटा मोठा आहेच. पण जागेच्या या दुबळेपणाचा वाटा प्रस्तुत नोंदीच्या मते आजवर कमी लेखला गेला आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. ऑगस्ट–सप्टेंबर १९४२ मध्ये सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरचा तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला, पण ९ सप्टेंबरला वडूज व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर उघड चळवळीचा मार्ग खुंटला आणि तारा तोडणे, टपाल व रेल्वे यांवर हल्ले करणे, शस्त्रे मिळवणे असे गट-गटाचे काम सुरू झाले. सांगलीजवळच्या पद्माळ्याचे वसंतदादा अशाच एका गटाचे पुढारी होते. १९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडी ते पकडले गेले आणि त्यांना सांगलीच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

प्रचलित कथनानुसार, दुपारी शौचाच्या निमित्ताने कोठड्या उघडल्या असता कैद्यांनी पहारेकऱ्यांना आवरले, त्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावर धाव घेतली. तटावरून खंदकात उड्या पडल्या व जमाव नदीच्या रोखाने पळाला. दुपारची वेळ निवडण्यामागे काय हिशेब होता, याविषयी तर्कच करावा लागतो. रात्री कोठड्या बंद असतात, तर दिवसा त्या काही क्षणांसाठी का होईना उघडतात. एवढे कारण पुरेसे वाटते. मात्र त्याची किंमत उघड होती. अंधाराचा आडोसा नाही आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत पळायचे. संस्थानचे पोलीस पाठोपाठ आले आणि गोळीबार सुरू झाला. पत्रावळे व जाधव यांचा अंत या नदीकाठच्या पाठलागातच झाला. काही जण निसटले, काही त्याच दिवशी सापडले.

शाहिरी व भाषणांतून या घटनेची तुलना १६६६ च्या आग्र्याहून सुटकेशी केली जाते. ती गौरव म्हणून ठीक आहे, पण पद्धतीच्या दृष्टीने पटत नाही. आग्र्याचा प्रसंग आजारपणाचे सोंग, पहाऱ्याची सवय मोडणे आणि वेषांतर यांवर उभा होता. सांगलीत सोंग फार तर काही मिनिटांचे होते आणि पुढचे सगळे बळाचे व पायांचे काम. चित्रपटांमुळे परिचित झालेल्या गुप्त सुटकेच्या मोहिमांशी ताडून पाहिले, तर हा भेद अधिक ठळक होतो. जानेवारी १९८० मध्ये तेहरानमध्ये अडकलेले सहा अमेरिकी अधिकारी कॅनडाच्या पारपत्रांवर, चित्रपटाच्या चमूतले लोक म्हणून विमानाने बाहेर काढण्यात आले. त्यावरील २०१२ च्या ‘आर्गो’ या चित्रपटात धावपट्टीवरचा पाठलाग दाखवला आहे; प्रत्यक्षात तसा पाठलाग झाला नव्हता. सांगलीत बाहेरून आलेले पथक नव्हते, खोटी ओळखही नव्हती. पाठलाग मात्र खरा होता व त्यात माणसे दगावली.

तुरुंगफोड साताऱ्याच्या प्रतिसरकारची कारवाई मानावी की स्वतंत्र गटाची, याबाबत एकमत नाही. नाना पाटील (१९००–७६) यांच्या नावाशी निगडित असलेल्या या समांतर सत्तेचा आरंभ काही लेखक ऑगस्ट १९४२ पर्यंत मागे नेतात. इतरांच्या मते न्यायदान, गावसमित्या व तुफान सेना हे स्वयंसेवक दल यांसह तिला निश्चित आकार आला तो १९४३ च्या मध्यानंतरच. पहिले मत स्वीकारले, तर १९४२–४३ मधील प्रत्येक भूमिगत कृती प्रतिसरकारच्या खाती जमा होते आणि तुरुंगफोडही त्यात आपोआप बसते. स्मरणिका व गौरवग्रंथांचा कल सहसा असाच दिसतो. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चळवळीतील शेतकरी व बहुजन समाजाचा पाया आणि सत्यशोधक वारसा यांवर भर दिला. त्यामुळे गटागटांतील भेदांपेक्षा त्यांची सामाजिक मुळे पुढे आली. ते योग्यच आहे. तथापि कालक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. वसंतदादांचा गट पकडला गेला तेव्हा प्रतिसरकारची घडी नुकती बसत होती आणि कुंडल, वाळवा, कराड व सांगली येथील गटांची स्वतंत्र पुढारपणे शाबूत होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेवर झालेल्या धाडीत जी. डी. बापू लाड यांच्या कुंडल गटाचा हात होता. तिचा आणि सांगलीच्या घटनेचा काळ लागूनचा असला तरी कर्ते वेगळे. दोन्ही एकाच आंदोलनाची अंगे होती, एकाच हुकमाची अंमलबजावणी नव्हे, असे म्हणणे सुरक्षित ठरेल.

स्वातंत्र्यानंतर वसंतदादांच्या राजकीय कारकिर्दीमुळे या प्रसंगाला ठळक प्रसिद्धी मिळाली. १९७७ पासून ते अनेकदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले व पुढे राजस्थानचे राज्यपालही. साहजिकच चरित्रलेखनात तुरुंगफोड हा त्यांच्या आयुष्यातला एक अध्याय बनला आणि बाकीच्या साथीदारांची माहिती ओळी-दोन ओळींत आटोपली गेली. सांगलीत २४ जुलै हा दिवस शौर्यदिन म्हणून पाळला जातो, तेव्हा पत्रावळे व जाधव यांनाही अभिवादन होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्हा कारागृह आजही जुन्या किल्ल्याच्याच परिसरात आहे.

याच चळवळीतील इतर पलायनांपैकी नागनाथअण्णा नायकवडी (१९२२–२०१२) यांचे सातारा तुरुंगातील पलायन सर्वांत महत्त्वाचे. एप्रिल १९४४ मधील धुळ्याजवळच्या चिमठाणे येथील खजिना लुटीत त्यांचा सहभाग होता. त्याच वर्षी ते पकडले गेले आणि १० सप्टेंबर १९४४ रोजी भिंत ओलांडून निसटले. सातारा हे ब्रिटिश जिल्ह्याचे ठाणे असल्याने तेथील पहारा संस्थानी तुरुंगापेक्षा कडक होता. तरीही ते पुन्हा हाती लागले नाहीत व १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. वाईजवळच्या कवठे येथील किसन वीर, तसेच पांडू मास्तर हेही येरवड्याहून निसटले होते.