आंतरजालीय मैत्रीतील भावनिक आधार

प्रत्यक्षात कधीच न भेटलेल्या किंवा क्वचित भेटलेल्या, पण आंतरजालावर नियमित बोलणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या घरगुती सुखदुःखाची दखल घेणे, धीर देणे आणि रोजच्या संसाराविषयी गप्पा मारत राहणे, असे आंतरजालीय मैत्रीतील भावनिक आधाराच्या व्यवहाराचे स्वरूप असते. व्यावसायिक समुपदेशनाप्रमाणे यात आधार देणारा आणि घेणारा अशा भूमिका ठरलेल्या नसतात. आज आईच्या शस्त्रक्रियेची काळजी बोलून दाखवणारी व्यक्ती उद्या दुसऱ्याची नोकरी गेल्याचे कळताच त्याला धीर देते.

समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले : भावनिक, प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा आणि व्यक्तीला स्वतःची पारख करण्यास उपयोगी पडणारा. दूरदेशीचा मित्र रुग्णालयात डबा पोहोचवू शकत नाही, त्यामुळे दुसरा प्रकार येथे बहुधा लंगडा पडतो. उरलेले तीन मात्र शब्दांवरच चालतात.

संकटकाळी मिळणाऱ्या आधाराचे मूळ संकट नसतानाच्या बोलण्यात असते. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मॅलिनॉस्की यांनी १९२३ मध्येच दाखवून दिले होते, की माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी नव्हे, तर केवळ संबंध जपण्यासाठी बोलतात. जेवणे झाली का, तिकडे पाऊस आहे का, मुलीचा गणिताचा पेपर कसा गेला, सासऱ्यांचा खोकला थांबला का, हे प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतात. पण त्यांच्या उत्तरांतून एका घराचे चित्र दुसऱ्याच्या मनात हळूहळू भरत जाते आणि पुढे कधी ‘बाबांना पुन्हा ॲडमिट केलंय’ एवढेच वाक्य आले, तरी पूर्वपीठिका सांगावी लागत नाही. जिला ते घर ठाऊक आहे, ती मैत्रीण नेमके विचारू शकते, की मग लेकीला शाळेतून आणायला कोण गेले. अनोळखी माणसाच्या सहानुभूतीत हा नेमकेपणा येत नाही. रोज बोलणारे कुणी गप्प झाले, तर त्याची चौकशीही याच सवयीमुळे होते. या विषयाचा विचार करताना आजार आणि संकटांकडेच लक्ष जाते आणि गप्पांना फावल्या वेळचा उद्योग मानले जाते, हे उलटे आहे.

कॅलिफोर्नियातील ‘वेल’ हा १९८५ मध्ये सुरू झालेला संगणकीय संवादमंच याचे सुरुवातीचे ठळक उदाहरण होय. त्याचे सदस्य हॉवर्ड राइनगोल्ड यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात १९८६ मधील प्रसंग नोंदवला आहे : आपल्या लहानग्या मुलीच्या डोक्याला गोचीड चिकटल्याचे रात्री लक्षात आले, तेव्हा डॉक्टरांचा फोन येण्याआधीच तेथील पालकांच्या गप्पांतून उपाय मिळाला.

मराठीत ‘मायबोली’ या १९९६ पासूनच्या संकेतस्थळावर अशा गप्पा बहरल्या. तेथील वाहत्या पानांवर जुने बोलणे मागे पडून नवे येत राहते, खासगी ख्यालीखुशाली ‘विपु’त म्हणजे विचारपुशीत होते आणि अधूनमधून ‘गटग’ म्हणजे गेट-टुगेदर ठरवून मंडळी प्रत्यक्ष भेटतात. परदेशी स्थायिक झालेल्यांना याचा विशेष उपयोग झाला. माहेरचे माणूस जवळ नसताना डिंकाच्या लाडवांचे प्रमाण किंवा बाळाची शेकशेगडी कुणाला विचारायची, हा प्रश्न खराच होता. घड्याळही मदतीला असते : पुण्यात रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे दुपारचे साडेचार झालेले असतात आणि कुणीतरी जागे सापडतेच. पुढे या गप्पांचा बराचसा भाग व्हॉट्सॲपच्या गटांत गेला.

न पाहिलेल्या माणसाजवळ मन मोकळे का होते, याचे स्पष्टीकरण संवादाचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर (१९९६) आणि मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर (२००४) यांनी दिले आहे. चेहरा समोर नसल्याने संकोच गळतो, विचार करून लिहिता येते आणि वाचणाराही लिहिणाऱ्याविषयी अनुकूल कल्पना करतो. शिवाय सासर-माहेरच्या गोतावळ्याशी ज्याचा संबंध नाही, त्याला सांगितलेली गोष्ट सहसा फिरून घरी येत नाही.

परिणामांविषयीचे निष्कर्ष बदलत गेले आहेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट क्राउट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींच्या पाहणीवरून १९९८ मध्ये नोंदवले, की आंतरजालाचा वापर वाढला, तसा घरच्यांशी संवाद घटला आणि एकाकीपणा वाढला. त्याच गटाच्या २००२ मधील पुढील अभ्यासात हे दुष्परिणाम बव्हंशी ओसरलेले आढळले.

या व्यवहाराला धोकेही आहेत. सहानुभूतीसाठी खोटे आजारपण रचणाऱ्यांचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० मध्ये केले. त्याहून नित्याची अडचण म्हणजे ज्या सासऱ्यांच्या आजाराची किंवा मुलाच्या नापासाची चर्चा होते, त्यांची संमती कुणी विचारलेली नसते. आत्महत्येचे विचार किंवा घरातील मारहाण यांसमोर मित्रांचा धीर अपुरा पडतो. अशा वेळी संबंधिताला प्रशिक्षित समुपदेशकापर्यंत पोहोचवावे लागते. त्यासाठी भारतात १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.