हैती : जमिनीखालचा ताण आणि डोक्यावरचा स्लॅब

१२ जानेवारी २०१० रोजी संध्याकाळी पाच वाजायला सात मिनिटे असताना हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हादरली आणि शहराचा मोठा भाग मिनिटभरात कोसळला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी धर्मोपदेशकाने सांगितले की, फ्रेंचांच्या जाचातून सुटण्यासाठी हैतीवासीयांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केला होता आणि तेव्हापासून हा देश शापित आहे. एवढ्या उघड शब्दांत नसले, तरी ‘त्या देशाचे नशीबच फुटके’ असे सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. वास्तविक हैतीच्या दक्षिण भागाला मोठ्या भूकंपाचा धोका असल्याचे भूवैज्ञानिकांनी २००८ मध्येच मांडले होते, आणि त्यामागचे गणित शाळकरी मुलालाही जमेल इतके साधे आहे.

हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे दोन देश हिस्पॅनिओला या एकाच बेटावर वसलेले आहेत. कॅरिबियन आणि उत्तर अमेरिकी या दोन भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची, सीमा या बेटातूनच जाते. कॅरिबियन भूपट्ट दुसऱ्याच्या तुलनेत दरवर्षी सुमारे २० मिलिमीटर पूर्वेकडे सरकतो. मात्र हे सरकणे एकाच रेषेवर होत नाही. उत्तरेकडील सेप्टेन्ट्रिओनल भ्रंश (भ्रंश म्हणजे खडकातील अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत सरकतात) आणि दक्षिणेकडील एन्रिकियो–प्लांटेन गार्डन भ्रंश यांच्यात ते वाटले गेले आहे, आणि जीपीएस मोजमापांनुसार दक्षिणेच्या वाट्याला वर्षाला सुमारे ७ मिलिमीटर येतात.

जमिनीखाली खोलवरचा तापलेला खडक सावकाश, विनातक्रार सरकत राहतो. वरचे दहा-पंधरा किलोमीटर मात्र थंड आणि ठिसूळ असतात, आणि तेथे भ्रंशाच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे एकमेकींत अडकून राहतात. खालून ढकलणे चालू आणि वर हालचाल बंद, अशा स्थितीत मधला खडक वेताच्या काठीसारखा वाकत जातो व त्या वाकण्यात ऊर्जा साठत राहते. या भागातील आधीचा मोठा भूकंप १७७० सालचा. त्यानंतरच्या सुमारे २४० वर्षांना ७ मिलिमीटरने गुणले की जवळजवळ १.७ मीटर येतात; एवढे सरकणे तुंबलेले होते. भूकंपाचा आकार ठरवणारे भूकंपी आघूर्ण म्हणजे खडकाची दृढता, फाटलेल्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि सरासरी सरकणे यांचा गुणाकार. दृढता ३×१०^१० पास्कल, क्षेत्र ४० किलोमीटर गुणिले १५ किलोमीटर आणि सरकणे ढोबळमानाने २ मीटर धरले, तर आघूर्ण ३.६×१०^१९ न्यूटन-मीटर येते. त्याच्या लॉगॅरिदममधून ९.१ वजा करून दोन तृतीयांशाने गुणल्यास उत्तर, म्हणजे भूकंपाची प्रत (मॅग्निट्यूड), ७.० च्या जवळ येते. प्रत्यक्षात झालेला भूकंप ७.० चाच होता.

तरीही निसर्गाने एक चकवा दिलाच. जिच्याकडे सगळ्यांचे लक्ष होते ती एन्रिकियो–प्लांटेन गार्डन ही मुख्य भ्रंशरेषा जमिनीवर कोठेही फाटलेली आढळली नाही. येथे भूपट्टांची गती भ्रंशाला अगदी समांतर नाही, तिरकी आहे. त्यामुळे आडव्या सरकण्याबरोबर जमीन चेपलीही जाते. हा दाब लेओगान गावाखालच्या एका आंधळ्या, म्हणजे पृष्ठभागापर्यंत न पोचलेल्या, भ्रंशावर मोकळा झाला. त्या भ्रंशाची नोंद कोणत्याही नकाशावर नव्हती. त्याचा पुरावा किनाऱ्यावर मिळाला : लेओगानजवळ समुद्रतळ काही ठिकाणी अर्ध्या मीटरहून अधिक उचलला गेला, प्रवाळ पाण्याबाहेर आले आणि उन्हात वाळून मेले.

इतके समजल्यावरही मृतांच्या संख्येचा उलगडा होत नाही. हैतीतील मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांच्या पुढेपर्यंत जातात. दीडच महिन्याने चिलीत ८.८ चा भूकंप झाला, त्यात सुमारे ५०० पट अधिक ऊर्जा मुक्त झाली, त्सुनामीही आली, आणि मृत्यू सुमारे सव्वापाचशे झाले. चिलीतील भूकंपाचे केंद्र राजधानीपासून दूर होते आणि हैतीतील अवघ्या २५ किलोमीटरवर, हे खरे. पण मुख्य फरक बांधकामात होता. भूकंपात इमारतीवर येणारे बल म्हणजे तिचे वस्तुमान गुणिले जमिनीचे त्वरण. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये डोक्यावर काँक्रीटचा जड स्लॅब, खाली पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि बारीक कॉलम अशी घरे सर्वत्र होती. कॉलममधल्या उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा पातळ आणि दूर दूर असल्या, की हादऱ्याने आतले काँक्रीट भुगा होऊन बाहेर पडते, सळया वाकतात आणि स्लॅब आडवाच्या आडवा खाली येतो. किल्लारीत १९९३ साली दगड-मातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या भाराने हेच केले होते.

लोकांनी असे स्लॅब मूर्खपणाने घातले नव्हते. दरवर्षीची चक्रीवादळे पत्रे उडवून नेतात, स्लॅब नेत नाहीत. लाकूड महाग, कारण जंगले तुटलेली. १७७० च्या भूकंपानंतर फ्रेंच प्रशासनाने दगडी बांधकामाला मनाई करून लाकडी सांगाड्याची घरे बांधण्याचा हुकूम काढला होता, आणि राजधानीतील शंभरेक वर्षांपूर्वीची लाकडी घरे २०१० मध्येही बरीचशी उभी राहिली. ज्ञान होते, ते टिकवायला लागणारे राज्य आणि पैसा मात्र हैतीच्या हाती राहू दिला गेला नाही. गुलामांनी बंड करून १ जानेवारी १८०४ रोजी हा देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून, स्वातंत्र्याला मान्यता देण्याच्या बदल्यात, मळेवाल्यांच्या ‘नुकसानी’पोटी १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ही रक्कम ९ कोटींवर आली, तरी तिच्यासाठी काढलेल्या कर्जांची देणी फिटायला १९४७ साल उजाडले. त्यानंतर १९५७ ते १९८६ अशी दुव्हालिये पितापुत्रांची हुकूमशाही, आणि १९९० च्या दशकात तांदळावरील आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणल्याने बुडालेले शेतकरी राजधानीच्या उतारांवर येऊन राहिले. तेथे कॉलममध्ये किती रिंगा घातल्या, हे पाहायला कोणी येत नव्हते.

१४ ऑगस्ट २०२१ रोजी नैऋत्य हैतीत ७.२ चा भूकंप होऊन दोन हजारांहून अधिक माणसे गेली. त्या वेळी सामान्य नागरिकांनी आपापल्या घरात बसवलेल्या लहान, स्वस्त भूकंपमापकांनी पश्चात धक्क्यांच्या मोलाच्या नोंदी दिल्या. राजधानीच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या मुख्य भ्रंशावरचा ताण २०१० मध्ये मोकळा झालेला नाही, आणि वर्षाला ७ मिलिमीटरची भर तेथे आजही पडत आहे.