नवी कवळी आणि जुनी जीभ

कवळी घरी नेल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. "खालची हलते" आणि "बोलताना शिट्टी वाजते". कधी दोष खरोखर कवळीचा असतो, तेव्हा आम्ही ती दुरुस्त करून देतो. पण पुष्कळदा कवळी नीट बसलेली असते, जिभेची बैठक मात्र अजून बसलेली नसते. म्हणून हे पत्रक दातांपेक्षा जिभेबद्दल जास्त आहे.

घास चावताना

पुढचे दात तुकडा तोडतात. तो जीभ उचलते, टाळूवर दाबून किती मऊ, किती कडक याचा अंदाज घेते आणि बाजूला वळून दाढांवर टाकते. दाढा मिटल्या की घास दोन्हीकडे ओघळतो. आत आलेला जीभ परत वर ढकलते, बाहेर गेलेला गाल ढकलतो, आणि दाढा पुन्हा मिटण्याच्या आत जीभ बाजूला झालेली असते. सेकंदाला साधारण एकदा हे घडते आणि आपले तिकडे लक्षही नसते. जीभ इतक्या क्वचित चावली जाते, याचेच खरे तर नवल. शेवटी लाळेत भिजलेल्या लगद्याचा गोळा करून जीभ तो टाळूला टेकवत मागे सारते. त्या क्षणी वरचे-खालचे दात हलकेच मिटतात.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे वेष्टण असते आणि त्यात दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. घासातला खडा त्यामुळेच लगेच कळतो. कवळीला ही जाणीव नाही. ते काम तिच्याखालची हिरडी करते, पण तितक्या बारकाईने नाही. वरच्या पूर्ण कवळीने टाळूही झाकला जातो, त्यामुळे पदार्थ किती गरम आहे हे उशिरा कळते. गरम पेयाचा पहिला घोट जपून घ्या. चव मुख्यतः जिभेवरच कळते, तेव्हा सुरुवातीला जेवण बेचव वाटले तरी घाबरू नका.

खालचीच का हलते?

वरची कवळी टाळूभर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेसारखी असते, कारण मधली जागा जिभेची. तिला टेकायला जागा कमी, आणि शेजार सतत हलणारा! दात पडून बरीच वर्षे झाली असतील तर जीभ मोकळ्या जागेत पसरलेली असते, तिलाही कवळीची अडचण होते.

यावर एक साधी सवय लावून घ्या. एरवी जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हलके टेकलेले असू द्या आणि कडा खालच्या दाढांवर विसावू द्या. जीभ मागे ओढली की कवळी उचलली जाते. घास लहान घ्या आणि शक्यतो दोन्ही बाजूंनी एकदम चावा. पुढच्या दातांनी ओढून तोडू नका, कारण पुढे जोर दिला की मागची बाजू सुटते.

बोलताना

सगळी अक्षरे बिघडत नाहीत. प, ब, म ओठांचे, क, ग जिभेच्या मागच्या भागाचे, त्यांना फारसा त्रास नाही. त, थ, द, ध म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते, तिथे आता नवीन जाडी आलेली असते. सर्वांत हट्टी अक्षर स. त्यासाठी जीभ मधोमध अरुंद पन्हळ करते आणि त्यातून हवेचा झोत दातांवर सोडते. पन्हळ जास्त अरुंद झाली की शिट्टी, पसरट झाली की बोबडेपणा. चमच्यातला च चिमट्यातल्या च पेक्षा जास्त छळतो तो याचमुळे, त्यात स दडलेला असतो.

मेणातली कवळी तोंडात बसवून पाहताना आम्ही तुम्हाला साठ ते सत्तर मोजायला लावतो, ते यासाठीच. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... अकराही आकड्यांत स आहे. स म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण भिडायला नकोत. भिडून खटखटले तर दातांची उंची जास्त झाली, असे आम्ही समजतो.

घरीही हेच आकडे मोठ्याने, सावकाश म्हणा. रोज दहा मिनिटे काहीतरी मोठ्याने वाचा. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटेल, कारण तोंडाला कवळी म्हणजे खाण्याची वस्तूच वाटते. हे आपोआप कमी होते.

हिरडी दुखली, फोड आला किंवा दोन-तीन आठवड्यांनंतरही दात खटखटत राहिले तर मात्र सराव करत बसू नका, आमच्याकडे या. कवळी घरी कानशीने घासू नका. दुखते म्हणून कवळी काढून ठेवली असेल, तर येण्याआधी दोन-तीन तास तेवढी घाला. हिरडीवरच्या लालीवरून टोचणारी जागा आम्हाला नेमकी दिसते.